दोन बोटांचा हिशेब

गर्भपिशवीचं तोंड किती उघडलंय, हे डोळ्यांना दिसत नाही. हातमोजा घातलेल्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट आत जातात आणि तिथे ती दोन बोटं जेवढी फाकतील तेवढं तोंड उघडलं, असं धरायचं असतं. एक बोट म्हणजे साधारण दीड सेंटिमीटर. दोन बोटं शेजारी शेजारी बसली की तीन. बोटांना कडाच लागेनाशी झाली की दहा, म्हणजे पूर्ण. लेबर रूममध्ये याला नुसतं ‘पीव्ही’ म्हणतात. सीनियर आधी तपासते, आकडा मनात ठेवते आणि शिकणाऱ्या पोरीला विचारते, ‘किती?’ पोरगी म्हणते चार. सीनियरच्या बोटांनी सहा मोजलेले असतात.

चार आणि सहा यांच्यामधल्या दोन सेंटिमीटरांवर बरंच काही टांगलेलं असतं. बाळंतपणाचा खरा वेग चार सेंटिमीटरनंतर सुरू होतो, असं पूर्वी शिकवत. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेनं ही रेघ पाचावर नेली, आणि तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे हा जुना दंडकही सैल केला. रेघ एका सेंटिमीटरनं सरकली तर काय झालं, असं वाटेल. पण चारावर असलेल्या बाईला ‘अडली’ म्हणून शस्त्रक्रियेच्या टेबलावर न्यायचं की आणखी वाट बघायची, हे त्या एका सेंटिमीटरवर ठरतं. तो सेंटिमीटर मोजणारं यंत्र म्हणजे विशी-बाविशीतल्या पोरीची दोन बोटं. १९९५ साली निर्जीव साच्यांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात अनुभवी हातांनाही नेमका आकडा निम्म्याहून थोड्याच जास्त वेळा सांगता आला. एक सेंटिमीटर इकडेतिकडे चालवून घेतलं, तेव्हा कुठे दहातल्या नऊ वेळा जमलं.

भोपाळच्या साकेत नगरात एम्स आहे. २०१२ साली भोपाळ, भुवनेश्वर, जोधपूर, पाटणा, रायपूर आणि ऋषिकेश अशा सहा ठिकाणी नव्या एम्समध्ये एमबीबीएसचे वर्ग सुरू झाले. साकेत नगरातली पहिली तुकडी ५० जणांची होती, आता दर वर्षी १२५ जण येतात. समजा, पीव्हीचा आकडा भरवशाचा यायला एका विद्यार्थ्याला ५० तपासण्या लागतात. १२५ जणांच्या ६,२५० झाल्या. आता दुसरी बाजू बघा. नेहमीच्या बाळंतपणात ही तपासणी चार-चार तासांनीच करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती दुखते, लाज वाटते आणि जास्त वेळा केली तर जंतू आत जातात. म्हणजे दहा तास कळा देणाऱ्या बाईची तपासणी दोन-तीनदाच व्हायची. त्यातली एक विद्यार्थ्याला द्यायची म्हटलं, तर एका तुकडीच्या बोटांना एवढी एकच गोष्ट शिकवायला ६,२५० बायकांनी, आणि तेही राजीखुशीनं, आपलं अंग पुढे करायला हवं. डॉक्टर घडवण्याचा खर्च आपण फीमध्ये आणि इमारतींमध्ये मोजतो. या बायकांची नोंद त्यात कुठेच नसते. ती असावी, असं मला मनापासून वाटतं.

आता या खोलीबाहेरचा आकडा. भारतात वर्षाला सुमारे २ कोटी ३० लाख बाळं जन्मतात. दिवसाला ६३ हजार, म्हणजे दर १.४ सेकंदाला एक. एमबीबीएसची साडेचार वर्षं संपल्यावर वर्षभराची इंटर्नशिप असते. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्यातले सात आठवडे प्रसूती, स्त्रीरोग आणि कुटुंबकल्याणाचे. सात आठवडे म्हणजे ४९ दिवस, आणि तेवढ्यात देशात ३१ लाखांच्या आसपास बाळं जन्मलेली असतात. एखाद्या इंटर्नच्या हातात त्यातली ३० आली, तर लाखात एक या प्रमाणात त्यानं देशाचं बाळंतपण पाहिलं.

या लाखातल्या एकाचं मोल कळायला मध्य प्रदेशाची आणि महाराष्ट्राची तुलना पुरे. २०१८-२० या काळात लाख जिवंत जन्मांमागे महाराष्ट्रात ३३ माता दगावल्या, मध्य प्रदेशात १७३. केरळात १९, आसामात १९५, साऱ्या देशात ९७. साडेआठ कोटींच्या मध्य प्रदेशात हजारी सुमारे २४ या दरानं वर्षाला २० लाख तरी जन्म होतात. १७३ च्या दरानं जवळजवळ ३,४६० मृत्यू, ३३ च्या दरानं ६६०. उरलेल्या २,८०० बायका दर वर्षी केवळ सीमेच्या या बाजूला बाळंत झाल्या म्हणून जात होत्या. पांढुर्णा, मुलताई, बैतूल या पट्ट्यात अनेक घरांत मराठी बोलतात आणि वरूड-मोर्शीकडे सोयरिकी होतात. तिथल्या बायकाही याच हिशेबात आहेत.

बैतूलहून भोपाळ सुमारे १८० किलोमीटर. हे अंतर लक्षात ठेवून पुढचे आकडे वाचावेत, कारण प्रसूतिशास्त्राच्या शिकवणीत ते हमखास सांगितले जातात. काहीच उपचार मिळाला नाही तर सरासरी किती वेळात मृत्यू येतो? बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात २ तास. आधीच्या रक्तस्रावात १२ तास. पिशवी फाटली तर १ दिवस. झटके आले तर २ दिवस. बाळ अडलं तर ३ दिवस. जंतुदोषानं ६ दिवस. या यादीत पहिलाच आकडा अॅम्ब्युलन्सला हरवतो. बैतूलच्या बाईला साकेत नगरात आणून ती वाचणार नाही, साकेत नगरात शिकलेला हात बैतूलला असावा लागतो. विद्यार्थ्याला बाळंतपण शिकवायचं ते एम्समधल्या बाईसाठी नाहीच. तिथे भूलतज्ज्ञ आहे, रक्तपेढी आहे, चार सीनियर आहेत. शिकवायचं ते त्या रात्रीसाठी, जेव्हा तो विद्यार्थी कुठल्यातरी प्राथमिक आरोग्य केंद्रात एकटा असेल.

दोनच तास का, हे समजायला पिशवीची मापं बघावीत. एरवी ती मुठीएवढी असते, वजन ६०-७० ग्रॅम, आतली जागा १० मिलीलिटर म्हणजे दोन चमचे. नऊ महिन्यांत ती किलोभराची होते आणि आत पाच लिटर मावतात. पाचशे पट. माणसाच्या शरीरात दुसरा कुठलाही अवयव इतका वाढून पुन्हा सहा आठवड्यांत जवळपास होता तेवढा होत नाही. दिवस भरत आले की तिला मिनिटाला ५०० ते ७०० मिलीलिटर रक्त जातं. बाईच्या अंगात सगळं मिळून पाच-सहा लिटर. बाळ बाहेर आलं, वार सुटली, की जिथे वार चिकटलेली होती तिथे जेवणाच्या ताटलीएवढी उघडी जखम राहते आणि हा सगळा पाणलोट तिच्या तोंडाशी असतो. नुसता भागाकार केला तर आठ-दहा मिनिटांत सगळं संपायला हवं. संपत नाही, कारण पिशवीचे स्नायू उभे-आडवे एकमेकांत विणलेले असतात. ती आवळली की त्या विणीत सापडून शेकडो रक्तवाहिन्या एकदम चिमटल्या जातात. वर्गात याला ‘जिवंत गाठी’ म्हणतात. ओटीपोटावर हात ठेवला तर पिशवी क्रिकेटच्या चेंडूसारखी टणक लागली पाहिजे. मळलेल्या कणकेसारखी लागली तर घड्याळ सुरू झालं.

ती आवळावी म्हणून बाळ जन्मल्यावर मिनिटभरात बाळंतिणीला १० युनिट ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात. दहा युनिट म्हणजे वजनात किती? साधारण १७ मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. एका ग्रॅममध्ये जवळजवळ ६० हजार बाळंतपणं. गुणाकार पुढे नेला तर मती गुंग होते. भारतातल्या वर्षभराच्या २ कोटी ३० लाख बाळंतिणींना प्रत्येकी एक मात्रा द्यायची, तर शुद्ध औषध लागतं ४०० ग्रॅमहून कमी! किराणा दुकानातल्या अर्ध्या किलोच्या साखरेच्या पुडीहून हलकं. साऱ्या जगाला वर्षाला सव्वादोन किलो पुरेल. नऊ अमिनो आम्लांची ही छोटीशी साखळी प्रयोगशाळेत १९५३ मध्ये व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी जोडून दाखवली आणि १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

याच्या अगदी उलट टोकाला झटक्यांचं औषध, मॅग्नेशियम सल्फेट. त्याची पहिली मात्राच १४ ग्रॅम. ४ ग्रॅम हळूहळू शिरेतून आणि ५-५ ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत. म्हणजे ऑक्सिटोसिनच्या मात्रेच्या आठ लाख पट. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायकांवरच्या चाचणीत या साध्या क्षारानं झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली आणला. एकाच कपाटातली दोन औषधं, एक मायक्रोग्रॅममधलं आणि एक मूठभर, आणि रात्री तीन वाजता डोळ्यांवर झोप असताना विद्यार्थ्याला ती दोन्ही न चुकता काढता यायला हवीत. औषध जड नाही, महागही नाही. जड आहे ते योग्य मिनिटाला योग्य हातात असणं. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, मे महिन्यात मुलताईच्या उपकेंद्रात वीज गेली की ते निकामी व्हायला लागतं.

वीज नसते, सुई टोचणारं कुणी नसतं, अशा वेळी काय करायचं? याचं एक उत्तर आपल्या सीमेवर शोधलं गेलं, बेळगावात. तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या लोकांनी २००२ ते २००५ या काळात खेड्यांतल्या १,६२० बायकांवर एक चाचणी केली. बाळंतपणं घरात किंवा उपकेंद्रात, हजर फक्त नर्सबाई. निम्म्या बायकांना बाळ जन्मताच मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या गिळायला दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या औषध नसलेल्या गोळ्या. रक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. फ्रिज नाही, सुई नाही, सगळ्या मिळून ६०० मायक्रोग्रॅम. हा निकाल २००६ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला.

पण मला त्या कामातली दुसरी गोष्ट जास्त मोठी वाटते. रक्त किती गेलं, हे मोजायचं कसं? आजवर नजरेनं मोजत आले. चादर भिजली, लादीवर थारोळं झालं, भांड्यात एवढं साठलं, ‘असेल दोनशे’. बेळगावच्या मंडळींनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर एक प्लास्टिकची चादर वापरात आणली. ती बाळंतिणीच्या खाली अंथरायची, तिला फनेलसारखी निमुळती पिशवी, पिशवीवर मापाच्या रेघा. मग १२३ बायकांवर दोन्ही रीती ताडून पाहिल्या. नजरेनं सरासरी २०३ मिलीलिटर, रेघांवर ३०२. डोळा एक तृतीयांश रक्त खाऊन टाकत होता! हे डोळे शिकलेल्या माणसांचे होते. पाचशेच्या वर गेलं की धोका, असं पुस्तकात लिहिलेलं. पण ज्याला पाचशे हे तीनशेसारखे दिसतात, त्यानं पुस्तक पाठ केलेलं असून काय उपयोग?

अशा चादरीचा मोठा हिशेब पुढे आफ्रिकेत झाला. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातली ८० रुग्णालयं, २ लाख १० हजार बाळंतपणं, निकाल २०२३ मध्ये. जिथे मापाची चादर आणि तिच्यासोबत ठरलेल्या पाच गोष्टी एकदम करायची शिकवण दिली, म्हणजे पिशवी चोळणं, ऑक्सिटोसिन, ट्रानेक्सामिक अॅसिड, सलाईन आणि तपासून गरज पडल्यास वर कळवणं, तिथे रक्तस्राव ९३ टक्के वेळा ओळखला गेला. जिथे नेहमीसारखं चाललं होतं, तिथे ५१ टक्के. म्हणजे धडधडीत रुग्णालयात, डॉक्टर-नर्सच्या डोळ्यांदेखत, दोनातला एक रक्तस्राव कुणाच्या ध्यानातच येत नव्हता. आणि गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडणं किंवा मृत्यू, हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी घटलं. नवं औषध एकही नव्हतं.

विद्यार्थ्याच्या हाताचा आणि आकड्यांचा संबंध जुना आहे, आणि सुरुवात शरमेची आहे. १८४६ साली व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात दोन प्रसूतिकक्ष होते. एकात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. विद्यार्थ्यांच्या कक्षात त्या वर्षी ४,०१० बाळंतपणांत ४५९ बायका गेल्या, ११.४ टक्के. सुइणींच्या कक्षात ३,७५४ मध्ये १०५, म्हणजे २.८. बायका हातापाया पडून दुसऱ्या कक्षात जागा मागत. विद्यार्थी सकाळी प्रेतं चिरत आणि तेच हात घेऊन बाळंतिणी तपासत. सुइणी प्रेतांना हात लावत नसत. इग्नाझ सेमेलवाइसनं मे १८४७ पासून क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि १८४८ मध्ये विद्यार्थ्यांच्या कक्षात ३,५५६ बाळंतपणांत ४५ मृत्यू झाले, १.३ टक्के. शिकाऊ डॉक्टर सुइणीहून धोकादायक होता, हे मोजून सिद्ध करावं लागलं.

शिकवण्याचा हा इतिहास भोपाळातही आहे. तिथे राज्य होतं बेगमांचं. शाहजहान बेगमच्या कारकिर्दीत लेडी लॅन्सडाउनच्या नावानं बायकांचं इस्पितळ निघालं आणि १९०१ ते १९२६ राज्य केलेल्या सुलतान जहान बेगमनं दायांना रीतसर शिकवायची व्यवस्था केली. त्याच्या थोडं आधी आपल्याकडची एक मुलगी हाच विषय घेऊन समुद्रापार गेली होती. आनंदीबाई जोशींचं पहिलं मूल त्यांच्या चौदाव्या वर्षी, जन्मून दहा दिवसांत गेलं. १८८६ साली पेनसिल्व्हेनियात त्यांनी पदवी घेतली, तेव्हाचा त्यांचा प्रबंध प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर होता. एकविसाव्या वर्षी त्या गेल्या, इथे कामाला सुरुवात करण्याआधीच, कारण कोल्हापूरच्या इस्पितळातली नेमणूक हातात होती आणि अंगात क्षय. त्या एका विद्यार्थिनीपासून इथवर येताना आज देशात वर्षाला एमबीबीएसच्या जागा एक लाखावर आहेत. २०१४ आधी ५१,३४८ होत्या, दहा वर्षांत १ लाख १२ हजारांवर गेल्या. २ कोटी ३० लाख जन्मांना भागलं, तर एका नव्या डॉक्टरमागे सुमारे २०५ बाळंतपणं.

दोनशे पाच हा आकडा ऐकायला भरपूर वाटतो. तो फसवा आहे, आणि कसा ते शक्यतेचं गणित सांगतं. बाळाच्या आधी नाळ बाहेर येणं घ्या. नाळ डोक्याखाली दाबली गेली की बाळाचा श्वास मिनिटांत तुटतो. हे साधारण पाचशे बाळंतपणांत एकदा होतं. ३० बाळंतपणं पाहिलेल्या शंभर विद्यार्थ्यांपैकी ९४ जणांनी हे कधीच पाहिलेलं नसणार. निम्मी शक्यता हवी तर ३४७ बाळंतपणं बघायला हवीत, ९५ टक्के खात्री हवी तर जवळजवळ १,५००. पिशवी उलटी होऊन बाहेर येणं तर काही हजारांत एकदा. मध्य प्रदेशाच्या दरानं एक मातामृत्यू ५७८ बाळंतपणांमागे, महाराष्ट्राच्या दरानं ३,००० मागे. म्हणजे शिकणाऱ्याला सगळं सुरळीतच दिसतं. तीसच्या तीस बाळं रडत जन्मतात, तीसच्या तीस बाया घरी जातात, आणि त्याला वाटतं की बाळंतपण असंच असतं. एकतिसावी त्याची एकट्याची असते.

शिवाय काही गोष्टी दिसायच्याच बंद झाल्यात. पायाळू बाळ घ्या. पायाळू माणसानं लाथ मारली की कमरेची उसण जाते, असं आपल्याकडे म्हणत, कारण पायाळू जन्मून जगलेली माणसं गावात असत. दिवस भरलेल्या शंभर बाळांपैकी तीन-चार असतात अशी, म्हणजे देशात वर्षाला सात ते नऊ लाख. २००० साली २६ देशांतल्या २,०८८ बायकांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली, पायाळू बाळाला शस्त्रक्रियाच बरी असा तिचा निष्कर्ष होता, आणि काही वर्षांत जगभरच्या लेबर रूममधून ती कला उतरणीला लागली. पोट फाडून बाळ सुखरूप निघतं, हे खरंच. २०१९-२१ मध्ये देशात सिझेरियनचं प्रमाण २१.५ टक्के होतं, खासगी रुग्णालयांत ४७.४, सरकारीत १४.३. पण आरोग्य केंद्राच्या दारात जीपमधून उतरणाऱ्या बाईच्या बाळाचे पाय आधीच बाहेर आलेले असतील तर? तेव्हा शस्त्रक्रियेला वेळ नसतो. बाळाला ओढायचं नाही, पाठ वर राहील एवढं बघायचं, मानेचा केसांकडचा भाग दिसेपर्यंत त्याला त्याच्या वजनानं लोंबू द्यायचं. हात आखडून थांबणं ही शिकवायला सगळ्यांत अवघड गोष्ट, आणि ती पाहिलेली माणसं आता निवृत्त होतायत.

घरातल्या बाळंतपणांची गोष्टही अशीच. २००५-०६ मध्ये मध्य प्रदेशात २६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत, २०१९-२१ मध्ये ९१ टक्के. आजच्या जन्मांवर हिशेब केला तर वर्षाला तेरा लाख बाळंतपणं पंधरा वर्षांत झोपडीतून उठून दवाखान्यात आली. सुइणीचं काम नर्सच्या आणि शिकाऊ डॉक्टरच्या हातात आलं. देशाचा मातामृत्यू दर २००१-०३ मध्ये ३०१ होता. तोच राहिला असता तर आजच्या जन्मांवर वर्षाला ६९ हजार माता गेल्या असत्या. ९७ च्या दरानं २२ हजार. वर्षाला ४७ हजार बायका वाचतात, एका तालुक्याच्या गावाएवढ्या. हे फुकट झालेलं नाही, आणि ते कुणीतरी कुणालातरी शिकवल्यावाचून झालेलं नाही.

तरीही दवाखान्यात जेवढं येतं तेवढंच विद्यार्थ्याला दिसतं. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांना तपासलं. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता आणि याआधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. स्त्रीरोगाच्या ओपीडीतली लांबच लांब रांग बघून ज्याला विषय कळला असं वाटतं, त्यानं हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघावेत.

नव्या अभ्यासक्रमात, जो २०१९ च्या तुकडीपासून लागू झाला, प्रसूती आणि स्त्रीरोग या विषयात ३८ प्रकरणं आणि १२६ क्षमता लिहिलेल्या होत्या. त्यातल्या मोजक्या स्वतःच्या हातानं करून दाखवायच्या आणि वहीत सही घ्यायची. प्रत्येक कॉलेजात कौशल्यशाळा हवी, असाही नियम झाला. तिथे रबराच्या, प्लास्टिकच्या ओटीपोटांवर सराव करतात. ही कल्पना अडीचशे वर्षांहून जुनी आहे. फ्रान्समधली सुईण मादाम द्यू कूद्रे हिनं कापड आणि चामडं वापरून, आत भराव घालून बाईचं ओटीपोट शिवलं, त्यात शिवलेलं बाळ, शिवलेली नाळ. १७५९ मध्ये राजानं तिला फर्मान दिलं आणि वीसेक वर्षं ती ते ओटीपोट घेऊन गावोगाव फिरली. चार-पाच हजार बायकांना तिनं स्वतः शिकवलं. त्यातलं एक ओटीपोट रुआंच्या संग्रहालयात अजून आहे.

कापडाच्या बाईला दुखत नाही, तिला कितीही वेळा तपासता येतं. पाचशेत एकदा घडणारी गोष्ट तिच्यावर दिवसातून वीसदा घडवता येते. शिकवणारी बाई लाल रंगाचं पाणी नळीतून सोडते, मापाच्या पिशवीत ते रेघेरेघेनं चढतं आणि ती एकच प्रश्न विचारते, ‘किती?’ पोरगी रेघेकडे बघायच्या आधी अंदाज सांगते, दोनशे. रेघ तीनशेवर असते. हात पोटावर, पिशवी चोळ, दहा युनिट, मदतीला हाक मार, मोठ्यानं मार, अजून मोठ्यानं. मग सगळं पुसून घेतात. नाळ गुंडाळून आत ठेवतात, बाळ पुन्हा पोटात घालतात, आणि पुढची पोरगी हातमोजे चढवते.